दारापाशी बंद पडलेली मालिका

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये वीज दुपारी जायची आणि अंबरनाथ पूर्वेला, आमच्या भागात, बऱ्याचदा संध्याकाळी. भारनियमनाचं वेळापत्रक अधूनमधून बदलायचं. मी कॅम्प तीनमधल्या एका छोट्या दैनिकात नुकतीच उपसंपादक म्हणून लागले होते. हे वेळापत्रक छापायला देणं माझ्याकडे होतं आणि मी दिलेल्या मजकुरापैकी सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर तोच होता. आमच्या घरात त्याची वाट आत्या बघायची. तिचा प्रश्न एकच असायचा.

"सातला आहे का नाही, तेवढं सांग. बाकीचं पेपरात वाचते."

सात वाजता एका वाहिनीवर हिंदीत डब केलेली परदेशी कार्टून मालिका लागायची, सोमवार ते शुक्रवार.

आत्या आमच्याच घरी राहायची. वय पंचेचाळिशीच्या आसपास. कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात ती धागा कटिंगला होती. शिवून आलेल्या पँटवर लोंबणारे दोरे छोट्या कात्रीने कापायचे आणि माल धुलाईला सोडायचा, असं ते काम. संध्याकाळी सुटून शेअर रिक्षाने ती सातच्या आत घरी पोचायची. त्या वेळी टीव्ही शेजारच्या मुलांच्या ताब्यात असायचा. भाजी निवडता निवडता तिने मालिका बघायला सुरुवात केली. पुढे मुलांना क्रिकेटचं वेड लागलं आणि ती सातला मैदानात राहू लागली. आत्या मात्र टीव्हीसमोर राहिली.

मालिकेची गोष्ट साधी होती. एक शहर पाण्याखाली गेलेलं आहे, घरांचे वरचे मजले तेवढे बाहेर दिसतात. एक मुलगी होडीतून आपल्या हरवलेल्या भावाला शोधते. सोबत एक बोकड आहे. बोकडाला नकाशे खायची सवय आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक भागात रस्ता नव्याने शोधावा लागतो. भाऊ दूरच्या एका दीपगृहात असल्याची खबर तिला लागलेली असते.

ही गोष्ट आत्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगायची. त्याला कारण वीज. दुपारी कॅम्प तीनची वीज गेली की शिलाई मशीन थांबायच्या, पण धागा कटिंग हाताचं काम असल्याने चालू राहायचं. बायका दाराजवळच्या उजेडात सरकून बसायच्या, पँटींचा ढीग मध्ये घ्यायच्या आणि आत्या आदल्या संध्याकाळचा भाग सांगायची. मशीनवरचे कारागीर, बहुतेक उत्तर प्रदेशातले, कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवे व्हायचे. ते झोपलेले असायचे असा सर्वांचा समज होता.

मला हे कळलं ते आमच्या कार्यालयातही जनरेटर नसल्यामुळे. संगणक बंद पडले की मी डबा घेऊन दोन गल्ल्या ओलांडून आत्याकडे जेवायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी जे ऐकलं ते माझ्या धंद्याच्या जवळचं होतं. आत्याने कात्री खाली ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाली:

"आधी कालचं. काल मी बोलले की बोकड बुडाला. बोकड बुडाला नाही. काल टीव्हीत दिसला. माझी चूक."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. काउंटरवर बसलेल्या शेठने, तो सिंधी होता, मागे वळून कापडाच्या गठ्ठ्यांकडे ओरडून सांगितलं, "बकरा ज़िंदा है!" गठ्ठ्यांवरून "अच्छा है, अच्छा है" असे दोन-तीन आवाज आले.

भानगड अशी होती. अंबरनाथला सातला वीज गेली की आत्याचा भाग बुडायचा. पुनर्प्रक्षेपण दुपारी असायचं, तेव्हा ती कामावर. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात "काल लाइट नव्हती" हे कारण चालायचं नाही. मग आधी काय झालं आणि पुढे काय होऊ शकतं याचा अंदाज घेऊन मधला भाग ती स्वतः भरायची. पुढचा भाग टीव्हीवर आला की पडताळा घ्यायची. चुकलं असेल तर गोष्ट सुरू करण्याआधी खुलासा. आमच्या दैनिकात खुलासा पाचव्या पानावर, तळाला, बारीक टायपात जायचा. आत्याचा पहिल्या पानावर असायचा.

याचा परिणाम असा की कारखान्यात तिच्या शब्दाला वजन होतं. कुणाचा गठ्ठा कोणी कापला यावर वाद झाला तर तिला विचारलं जायचं. तिला माहीत नसेल तर ती "मला माहीत नाही" म्हणायची, म्हणून माहीत असेल तेव्हा लोक मानायचे.

तिच्या शेजारी बदलापूरची एक मुलगी बसायची. एकवीस-बावीस वर्षांची, हात फार चपळ. तिच्या घरचा टीव्ही भावाच्या हातात, त्यामुळे मालिकेचा एकही भाग तिने पाहिलेला नव्हता. तिचं लग्न भुसावळला ठरलं होतं. तिथे तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं. नवरा मुलगा तिने दोनदा पाहिला होता, घर एकदाही नाही.

"ताई, माझ्या लग्नाआधी भाऊ सापडेल ना?" ती आत्याला विचारायची.

"मी काय लेखक आहे? सापडेल तेव्हा सापडेल."

"नाही, मला शेवट पाहिजे. अर्धवट सोडून मी जाणार नाही. लग्न पुढे ढकलीन."

"सासऱ्याला काय सांगशील?"

"सांगीन, बोकड अजून होडीत आहे."

एका शुक्रवारी मालिकेतली मुलगी दीपगृहाला पोचली. त्या दिवशी आमच्याकडे वीज होती आणि माझी साप्ताहिक सुट्टी होती, त्यामुळे तो भाग मीही पाहिला. मुलगी गोल जिना चढते. वर एक दार आहे. दाराखालून उजेड येतो आणि उजेडात एक सावली हलते. मुलगी कडीला हात लावते. बोकड एकदा ओरडतो. पडदा काळा होतो आणि पांढरी नावं वर सरकू लागतात.

"सोमवारी," आत्या म्हणाली आणि आमटी गरम करायला गेली.

सोमवारी सात वाजता लहान मुलांच्या नाचाची स्पर्धा लागली. मंगळवारीही तीच. आत्याने दोन्ही दिवस अर्धा तास ती पाहिली, मध्येच बदलून लागेल या आशेने.

कारखान्यात तिने हे लगेच सांगितलं नाही. तिने वेगळा उपाय केला. टीव्हीवर मुलगी जिना चढली ती अर्ध्या मिनिटात. आत्याने तो जिना आठवडाभर चढवला. पहिल्या वळणावर खिडकी, खिडकीतून समुद्र. दुसऱ्या वळणावर शेवाळ, बोकड घसरतो. तिसऱ्यावर मुलीला तहान लागते. यात खोटं काहीच नव्हतं, जिना टीव्हीवर होताच. पण इतका नव्हता. पालेगावहून येणारी एक म्हातारी बाई कात्री थांबवून म्हणाली:

"अगो बाय, ही पोर चढतेय का उतरतेय? एवढ्यात आमी मलंगगड चढून खाली आलो असतो."

शेठनेही आत्याला, सिंधीत ताईला मारतात तशी हाक मारून, म्हटलं, "अदी, वो लड़की को लिफ्ट दे दो ना."

बदलापूरची मुलगी हसली नाही. तिच्याकडे दहा-बाराच दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी आत्याने मला बातमीदाराचं काम दिलं. "तू पेपरात आहेस. शोधून काढ, दाराच्या आत कोण आहे."

मी प्रथम आमच्या केबलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही कार्टून बनवतो का? वरूनच बंद झालं." मग कार्यालयातून वाहिनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तीन टेबलांवरून फिरून फोन एका सौम्य आवाजाच्या बाईंकडे गेला. त्यांनी सांगितलं की मालिका संपली आहे. शेवट काय, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडे जेवढे भाग आले, तेवढे आम्ही दाखवले." उत्तर पूर्ण होतं आणि त्यात माहिती काही नव्हती. रोज अशी उत्तरं छापत असल्यामुळे मला ते पटकन ओळखता आलं.

शेवटी कॅम्प तीनच्या बाजारातल्या सायबर कॅफेत बसले. दोन्ही बाजूंना पोरं गाड्यांच्या शर्यती खेळत होती. परदेशातल्या प्रेक्षकांनी या मालिकेवर पानंच्या पानं लिहिली होती. त्यातून जे हाती आलं ते असं. मालिका बनवणाऱ्या कंपनीने ती मध्येच बंद केली होती. पुढचे भाग तयार झालेच नव्हते. आत कोण, यावर प्रेक्षकांत तट पडले होते. एक गट म्हणत होता, आत भाऊच आहे. दुसरा म्हणत होता, भाऊ कधी नव्हताच, सावली दिव्याच्या यंत्राची आहे. तिसऱ्या गटाने सावलीचे पाय मोजले होते आणि ते तीन भरत होते. मालिकेत काम केल्याचा दावा करणाऱ्या एकाने लिहिलं होतं की मालिका बंद होणार हे उशिरा कळलं, म्हणून फक्त शेवटचं दृश्य बदललं. गोष्ट संपली असंही वाटावं आणि पुढे नेता येईल असंही. हा माणूस खरा की खोटा, याला दुजोरा मिळाला नाही.

रात्री जेवताना मी आत्याला हे सगळं सांगितलं.

"म्हणजे बनवणाऱ्यालाच माहीत नाही?"

"माहीत असेल. सांगितलं नाही."

"माहीत नाही आणि सांगितलं नाही, यात फरक आहे. तुमच्या पेपरात शिकवत नाहीत?"

"शिकवतात."

"मग यातलं कुठलं?"

"ते कळलं नाही."

तिने भाकरी मोडली. "लबाड आहेत मेले. दार उघडलं नाही, लावलंही नाही. पोरीच्या हातात कडी देऊन घरी गेले."

मी सुचवलं की तिने स्वतःच शेवट सांगून टाकावा. इतके भाग तिने मनाने भरले होते, त्यात आणखी एक. ते तिला पटलं नाही.

"मधलं मी भरते, कारण दुसऱ्या दिवशी टीव्ही मला पकडतो. शेवट चुकला तर कोण पकडणार? मी बोलले तेच राहणार."

"मग खात्री नाही असं सांग. आम्ही लिहितो ना, 'असे समजते'."

"'असे समजते' बोलून पोरीला सासरी पाठवू?"

आमचं दैनिक तसं अनेकांना अनेक ठिकाणी पाठवत आलं होतं.

बदलापूरच्या मुलीचा कारखान्यातला शेवटचा दिवस आला. आदल्या रात्री आत्या म्हणाली, "उद्या तू ये. टीव्हीने काय सांगितलं ते तू सांग. पुढचं मी बघते."

त्या दिवशी वीज वेळापत्रकाप्रमाणे गेली. दाराजवळ नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. शेठने मुलीसाठी फरसाण आणि मिठाई मागवली होती. कारागीर आज आडवे झाले नाहीत, गठ्ठ्यांवर सरळ बसले. आत्याने मला पुढे केलं.

मी सांगितलं की मालिका बंद झाली आहे. मुलगी दारापाशी पोचते, कडीला हात लावते, इथे गोष्ट थांबते. आत कोण हे दाखवलेलं नाही. पुढचे भाग बनलेले नाहीत. जिना अर्ध्या मिनिटाचा होता हे मी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही.

एकदम गलका झाला.

"असं कसं? एवढं फिरवलं पोरीला!"

"मी रोज डबा लवकर संपवत होते यासाठी!"

"पैसा वापस," शेठ म्हणाला.

"शेठ, तुम्ही कधी पैसा दिला?" पालेगावच्या बाईंनी विचारलं.

"टाइम तो दिया, अम्मा."

एका कारागिराने मला गंभीरपणे विचारलं, "मैडम, परछाई भी नहीं बताई किसकी थी?" मी तीन पायांच्या मताचा उल्लेख केला. ते त्याला विचार करण्यासारखं वाटलं.

बदलापूरची मुलगी गलक्यात नव्हती. तिच्या मांडीवर अर्धी कापलेली पँट होती. ती आत्याकडे बघत होती.

आत्याने हात वर केला. "ऐका. दारापर्यंत टीव्हीचं होतं. आता मी जे बोलणार ते टीव्हीचं नाही, माझं आहे. उद्या कोणी येऊन वेगळं दाखवलं तर मला खोटी बोला, टीव्हीला नाही. चालेल?"

"चालेल," सगळ्या म्हणाल्या. कारागीरही म्हणाले.

"पोरगी दार उघडते. आत भाऊ आहे."

"आहे ना? मी बोलले होते!"

"गप गं. मिशा आल्यात त्याला. दिवा पेटवायचं काम करतो. रात्रभर जागायचं, बोटींना उजेड दाखवायचा."

"नोकरी कोणाची?" मागून कोणीतरी विचारलं.

"सरकारी."

"परमनंट?"

आत्याने किंचित विचार केला. "परमनंट."

दाराजवळच्या बायकांत समाधानाची कुजबुज झाली. एकीला मात्र पटलं नाही. "परमनंट नोकरी, मग बहिणीला एक निरोप नाही पाठवला इतक्या वर्षांत? कसला भाऊ?"

हे आत्याने विचारात धरलेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण बुडालेले भाग भरायची सवय कामी आली.

"पाठवले. दर महिन्याला चिठ्ठी. होडीपर्यंत पोचल्यापण."

"मग?"

"बोकडाने खाल्ल्या."

हसू इतकं उसळलं की रस्त्यावरचा भजीवाला आत डोकावला. पालेगावच्या बाईंना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. शेठ कोणाला तरी फोनवर सांगत होता, "साईं, बकरे ने खा ली!"

हसणं ओसरल्यावर बदलापूरची मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

"ताई, ती आत गेली. मग तिला बाहेर यायचं असेल तर?"

"बाहेर कशाला? भाऊ सापडला ना."

"असंच. एखाद्या दिवशी. होडी तिचीच आहे ना. गावाकडे जाऊन सांगायचं असेल, सापडला म्हणून. दाराला कडी कुठून आहे?"

कोणी चेष्टा केली नाही. प्रश्न सगळ्यांनाच रास्त वाटला.

"कडी आतून असते," पालेगावची बाई म्हणाली. "भाईरून टाळा."

"आमच्या चाळीत दोन्हीकडून आहे."

"लाइटहाउस में बाहर से होगा. चोर का डर," एक कारागीर म्हणाला.

"समुद्रात कुठला चोर? पोहत येणार?"

बाहेरून कडी आहे एवढंच मी खात्रीने सांगू शकत होते, कारण ती टीव्हीवर दिसली होती. ते मी सांगितलं. आतल्या बाजूबद्दल पुरावा नव्हता. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. तिने हातातल्या पँटीचा एक दोरा कापला, मग दुसरा.

"बाहेरून एक आहे, ही बोलली तसं. आतूनपण एक आहे. आतली तिच्या हाताला येईल अशी. वर नाही."

"कडक आहे का?"

"नाही. भाऊ दिवे सांभाळतो, घरात तेल असतं. तेल दिलेली आहे."

मुलीने मान हलवली आणि मिठाईचा तुकडा तोंडात टाकला. "मग ठीक आहे. भाऊ सापडला."

वीज यायला अजून थोडा वेळ होता. बायका पुन्हा कामाला लागल्या, कारण तो गठ्ठा संध्याकाळी धुलाईला जायचा होता. दीपगृहातल्या भावाचं लग्न झालंय का यावर एका कोपऱ्यात चर्चा सुरू झाली. मी डबा आवरत होते तेव्हा मुलगी आत्याला हळूच विचारत होती.

"तिकडे मी कोणाला सांगितली तर? टीव्हीची सांगू का तुमची?"

"दारापर्यंत टीव्हीची. पुढची माझी. तू काही बदललंस तर ते तुझं, तसं बोलायचं."

"आणि कड्या? दोनच सांगू?"

आत्याने तिच्या मांडीवरची पँट ओढून घेतली, सुटलेला दोरा कापला आणि परत दिली.

"आधी तिथली दारं बघ," ती म्हणाली. "मग ठरव."